ली कॉलेट नेक डाय, .३०८ विंचेस्टर: डाय चांगली, पण बसवायची पद्धत वेगळी

काडतुसाची उडालेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी तिची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंडाकडचं अरुंद टोक, मापात आवळणारा साचा म्हणजे नेक डाय. ली प्रिसिजनच्या कॉलेट नेक डायबद्दल दोन तक्रारी कायम कानावर येतात. पहिली, ‘मान आवळून घेतली तरी गोळी सैलच बसते’. दुसरी, ‘डायच्या वरच्या टोपीचे आटे गेले’. ऐकायला हे दोन वेगळे दोष वाटतात, पण बहुतेक वेळा कारण एकच असतं: ही डाय नेहमीच्या फुल-लेंग्थ (अख्खी पुंगळी आवळणाऱ्या) डायसारखी बसवलेली असते. ती तशी बसतच नाही.

मत आधीच सांगून टाकतो. बोल्ट-ॲक्शन रायफल असेल, पुंगळ्या त्याच रायफलमधून उडालेल्या असतील आणि डाय एकदा उघडून, पुसून, पॉलिश करून घ्यायची तयारी असेल, तर इतक्या कमी पैशांत इतकी सरळ मान देणारी दुसरी डाय बाजारात नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल असेल तर ही डाय घेऊच नका; त्याचं कारण पुढे येईल.

हे परीक्षण मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या, रेंजवर जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे घरी प्रेस (डाय धरून हँडलने दाब देणारं यंत्र) लावून काडतुसं भरण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय आपल्याकडे रायफल नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ५० मीटर रायफल, जिच्यात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. ती .२२ रिमफायर. तिच्यात प्रायमरचा (ठिणगी देणारा) मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ती पुंगळी एकदा उडाली की भंगारात. पुन्हा भरण्याचा सगळा खटाटोप सेंटरफायर काडतुसांचा, ज्यांत प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळा बसतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत. आणि एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायदा बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई करतो. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ते नीट पाहिल्याशिवाय प्रेसची ऑर्डर देऊ नका.

मानेचं नेमकं काय करायचं असतं

गोळीबाराच्या वेळी पितळी पुंगळी फुगून चेंबरला (रायफलमधल्या काडतूस बसायच्या जागेला) चिकटते आणि दाब गेल्यावर किंचित आखडते. .३०८ मध्ये गोळीचा व्यास ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिमी. पितळाची भिंत १४ थाऊ धरली तर भरलेल्या काडतुसाची मान बाहेरून ०.३३६ इंच भरते. (वर्कशॉपमधल्या वाचकांना थाऊ सांगायला नको, इतरांसाठी, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५ मिमी.) तीच मान फॅक्टरी चेंबरमधून उडाल्यावर साधारण ०.३४३ ते ०.३४४ होते. म्हणजे सात-आठ थाऊ सैल. तिला पुन्हा इतकं आवळायचं की गोळी दोन थाऊच्या ताणाने धरली जाईल, म्हणजे मानेचं भोक गोळीपेक्षा दोन थाऊ लहान राहील.

साधी फुल-लेंग्थ डाय हे काम दोन टप्प्यांत करते. आधी मान गरजेपेक्षा बरीच जास्त दाबते, ०.३३२ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली, आणि मग हँडल वर नेताना एक्स्पांडर बॉल आतून ओढून ती पुन्हा फुगवते. पितळ विनाकारण दोनदा वाकतं, लवकर कडक होतं, आणि बॉल ओढला जाताना मान अक्षापासून बाजूला सरकते. वाकडी मान म्हणजे वाकडी बसलेली गोळी. बाजारातल्या अनेक साध्या नेक डायमध्येही हाच बॉल असतो, त्यामुळे ‘नेक डाय घेतली तरी रनआउट (अक्षापासूनचा वाकडेपणा) तेवढाच’ असं होतं तेव्हा दोष बहुधा बॉलचा असतो.

कॉलेट डायमध्ये बॉल नाही. मानेच्या आत मँड्रेल, म्हणजे ठरावीक जाडीची सळई, जातो आणि बाहेरून कॉलेटची, म्हणजे चिरा पाडलेल्या नळीची, बोटं मानेला त्या मँड्रेलवर दाबतात. लेथवर काम केलेल्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल: कॉलेटमध्ये जॉब धरतात तसंच, फक्त इथे जॉबच्या पोटात एक सळई आहे. मान ओढली जात नाही, घासली जात नाही, म्हणून वंगणही लागत नाही.

याचा खरा फायदा वेगळाच आहे आणि पाकिटावर तो ठळकपणे लिहिलेला नसतो. मानेचा आतला व्यास मँड्रेल ठरवतो, भिंतीची जाडी नाही. एका पुंगळीची भिंत १३ थाऊ आणि दुसरीची १५ असली तरी दोन्हींचं भोक सारखंच निघतं. लापुआ आणि विंचेस्टरच्या पुंगळ्या एकाच डब्यात असतील तर हा फायदा मोठा आहे. (पुंगळ्या मिसळून दारूचं प्रमाण तेच ठेवू नये, ही गोष्ट वेगळी, जाड पुंगळीत आतली जागा कमी, म्हणून दाब जास्त.)

डायच्या पोटात काय आहे

भाग पाच. बाहेरचं अंग, ज्यावर नेहमीचे सात-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला १४ असे आटे आहेत. त्यात खालून सरकणारा कॉलेट, ज्याचं वरचं टोक निमुळतं आणि चार ठिकाणी चिरलेलं. त्याच्या वर आतून निमुळती असलेली स्लीव्ह. मधून जाणारा मँड्रेल, ज्याच्या टोकालाच प्रायमर काढणारी पिन आहे. आणि सगळं वरून दाबून धरणारी ॲल्युमिनियमची टोपी. शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा प्रेसचा भाग) कॉलेटचा खालचा घेर वर ढकलतो, निमुळतं टोक स्लीव्हमध्ये घुसतं, बोटं मिटतात. या सगळ्याचा उलटा जोर शेवटी त्या टोपीच्या आट्यांवर येतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की सेटिंगमधले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

बनावटीबद्दल: मँड्रेल आणि अंग नीट मशीन केलेलं असतं, पण कॉलेटच्या चिरांच्या कडांना बर (कापताना उरलेल्या धातूच्या टोचऱ्या कडा) राहिलेले सापडतात आणि निमुळत्या पृष्ठभागावर टूलच्या रेषा दिसतात. किंमत पाहता हे चालवून घेण्यासारखं आहे. चेक नटमध्ये (डाय प्रेसवर पक्की करणाऱ्या नटमध्ये) रबरी ओ-रिंग असते. ती डायला थोडी हलू देते, पण सेटिंग कायम ठेवायचं असेल तर फॉर्स्टर किंवा हॉर्नडीची स्क्रूने आवळणारी लॉक रिंग बसवलेली बरी. थोडे पैसे वाचवण्याच्या नादात ओ-रिंगवर राहिलात तर डाय दर वेळी नव्याने बसवावी लागते.

वापरण्याआधी

टोपी हाताने किंवा मऊ पट्टी लावून पान्याने उघडा. स्लीव्ह, मँड्रेल, कॉलेट बाहेर येतील. फॅक्टरीचं तेल अल्कोहोलने पुसा. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन कॉलेटचं निमुळतं टोक बाहेरून हलक्या हाताने फिरवत घासा. रेषा गुळगुळीत झाल्या की थांबा, धातू काढायचा नाही. स्लीव्हचा आतला निमुळता भाग तोच पेपर गोल काडीवर गुंडाळून. कॉलेटच्या बोटांच्या आतल्या बाजूला, जिथे मान येते तिथे, फक्त चिरांच्या कडा बोटाने चाचपा. टोचत असेल तर तेवढीच कड मारा. आतला व्यास घासू नका, तिथली गोलाई बिघडली तर डाय गेली.

मग दोन निमुळत्या पृष्ठभागांवर मोलिब्डेनम ग्रीसचा पातळ थर. पातळ म्हणजे बोटावर राहिलेलं तेवढंच. जास्त लावलं तर ते चिरांमधून मानेवर आणि तिथून दारूत जातं. ग्रीस नसेल तर निमुळते भाग कोरडे एकमेकांत अडकतात, आणि मग हँडलवर कितीही जोर द्या, तो मानेपर्यंत पोचत नाही. ‘गोळी सैल बसते’ या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

मँड्रेल जोडण्याआधी मायक्रोमीटरने मोजून व्यास डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. .३०८ च्या डायमध्ये तो ०.३०५ ते ०.३०६ च्या दरम्यान असतो, आणि पुढचं सगळं गणित या आकड्यावर चालतं.

सेटिंग

फुल-लेंग्थ डाय बसवताना आपण रॅम (शेल होल्डर वर-खाली नेणारा प्रेसचा दांडा) वर नेतो, डाय शेल होल्डरला टेकवतो आणि जरा आणखी फिरवतो. इथे टेकतं ते डायचं अंग नव्हे, तर कॉलेटचा घेर. आणि तो स्प्रिंगसारखा वर सरकणारा भाग आहे. त्यामुळे ‘टेकली’ ही खूण फक्त सुरुवात आहे.

रॅम पूर्ण वर घ्या. डाय कॉलेट शेल होल्डरला टेकेपर्यंत हाताने फिरवा. रॅम खाली घ्या. आता एक पूर्ण फेरा आत. कंपनीची सूचना साधारण इथपर्यंतच आहे. १४ आट्यांच्या हिशेबाने एक फेरा म्हणजे ०.०७१ इंच, १.८ मिमी. चेक नट नुसता बोटाने टेकवून ठेवा.

आता पुंगळी लावल्याशिवाय हँडल ओढू नका. हा नियम मोडला की कॉलेटची बोटं मानेच्या जाडीशिवाय थेट मँड्रेलवर मिटतात, तशीच अडकतात, आणि पुढच्या पुंगळीचं तोंड त्या बोटांवर आपटून चेपतं. असं झालंच तर डाय उघडा, कॉलेट बाहेर काढा आणि गुळगुळीत निमुळता पंच वरच्या तोंडात ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोका, बोटं उघडतात. मग निमुळत्या टोकाला पुन्हा एकदा पॉलिश.

प्रायमर काढलेली, तोंड साफ केलेली एक पुंगळी लावा आणि हँडल दाबा. कंपनी हँडलच्या टोकावर किमान २५ पौंड, म्हणजे ११ किलोच्या आसपास जोर सांगते. हा जोर हाताला नेमका कसा लागतो ते कळेपर्यंत हँडलच्या टोकाला सामान वजन करायचा ताणकाटा अडकवून एकदा पाहा. बहुतेकांचा अंदाज निम्म्यावरच असतो. जोर देऊन एक-दोन सेकंद धरून ठेवा, झटका देऊन सोडू नका. पितळ मँड्रेलवर बसायला तेवढा वेळ द्यायचा.

पुंगळी बाहेर काढा. मानेवर चार फिकट उभ्या रेषा दिसतील. त्या चिरांच्या खुणा आहेत, त्यांची काळजी नको. गोळी हाताने तोंडावर ठेवून दाबा. सरळ आत गेली तर डाय एक-अष्टमांश फेरा आत आणि पुन्हा तीच पुंगळी. एक-अष्टमांश फेरा म्हणजे जवळपास ९ थाऊ, त्यामुळे यापेक्षा मोठी पावलं टाकू नका. गोळी तोंडाशीच अडली, आत सरकेना, की तिथे थांबा आणि चेक नट आवळा. आवळताना पुंगळी आत आणि हँडलवर जोर असू द्या, म्हणजे डाय शेल होल्डरच्या रेषेत येते.

प्रेस कुठला आहे हे इथे महत्त्वाचं आहे. काही प्रेसचं हँडल शेवटी मृतबिंदू (रॅम सर्वांत वर पोचतो ती जागा) ओलांडून किंचित पलीकडे जातं. अशा प्रेसवर हँडल तळाला टेकतं तेव्हा जोर हाताचा राहत नाही, यंत्रणेचा होतो, आणि तो टनांत मोजण्याइतका असू शकतो. डाय एक फेरा आत असेल तर तो सगळा टोपीच्या आट्यांवर जातो. दुसऱ्या तक्रारीचं मूळ हे. अशा प्रेसवर डाय उलट्या क्रमाने बसवा: आधी बाहेर, हँडल मोकळं तळाला जाईल इतकी, आणि मग पुंगळी लावून थोडी थोडी आत, हँडल अगदी शेवटच्या टप्प्यात घट्ट लागेपर्यंत. ज्या प्रेसचं हँडल मृतबिंदू ओलांडत नाही तिथे जोर शेवटपर्यंत तुमच्या हातात राहतो, म्हणून कंपनीची पद्धत चालते.

मान मँड्रेलवर पूर्ण बसली की पुढचा जोर पितळावर काहीच काम करत नाही. म्हणजे ३० पौंडांनी काम झालं असेल तर ६० पौंडांनी ते अधिक चांगलं होत नाही, टोपी मात्र वर येते. टोपीच्या माथ्यावर फुगवटा दिसला किंवा ती हाताला सैल लागली तर ताबडतोब थांबा.

एकदाच दाबायचं की पुंगळी फिरवून दोनदा? दोनदा. मात्र फिरवायची ती ४५ अंशांत. चिरा चार, म्हणजे दर ९० अंशांवर एक. अनेक जण पुंगळी ९० किंवा १८० अंशांत फिरवतात आणि चिरा पुन्हा त्याच रेषांवर येतात. दुसऱ्या दाबाचा उपयोग शून्य. कॉलेट स्वतःही अंगात थोडा फिरतो, त्यामुळे हे काटेकोर होत नाही, पण अर्धा काटकोन धरून चालावं.

गोळी तरीही सैल असेल तर

क्रमाने पाहा. जोर पुरेसा आहे का, निमुळता भाग चिकटतोय का, हे आधी. मग पितळ. सात-आठ वेळा उडालेली मान कडक होते, दाबून सोडली की स्प्रिंगसारखी परत फुगते. ताज्या पितळात ही परत फूग अर्धा ते एक थाऊ, कडक पितळात जास्त. उपाय ॲनीलिंग: फक्त मान आणि खांदा (मानेखालचा उतार) तापवायचा, बूड गार राहिलं पाहिजे. बुडाशी पितळ मऊ झालं तर पुंगळी वापरायला धोकादायक होते, तिथे तडजोड नाही.

हे सगळं ठीक असेल तर मँड्रेल बारीक करा. गणित साधं: ०.३०६ चा मँड्रेल आणि अर्धा थाऊ परत फूग म्हणजे भोक ०.३०६५, गोळी ०.३०८, ताण दीड थाऊ. आणखी एक थाऊ ताण हवा तर मँड्रेल ०.३०५ चा. ली कंपनी कमी व्यासाचे मँड्रेल स्वतंत्र विकते आणि ते मागवणं उत्तम. घरी करायचं तर मँड्रेल ड्रिलमध्ये धरून ६०० च्या पेपरने, दर काही सेकंदांनी मायक्रोमीटर लावत. अर्धा थाऊ कमी करा, वापरून पाहा, मग पुढचा अर्धा. एकदम दोन थाऊ काढलेला मँड्रेल परत जाड होत नाही.

भोक व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजू नका. जबड्यांच्या कडा सपाट असतात, गोल भोकात त्या कोपऱ्यांवर टेकतात आणि आकडा कमी दाखवतात. पिन गेज (नेमक्या जाडीच्या मोजणीच्या सळया) वापरा, किंवा गोळी बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर मानेचा बाहेरचा व्यास मोजून फरक घ्या. तो फरकच ताण.

पुंगळीचं तोंड आधी आतून-बाहेरून चॅम्फर करा (कड किंचित तिरकी कापा), कारण तोंडाशी राहिलेली बर मँड्रेलवर ओरखडे पाडते आणि ते ओरखडे पुढच्या प्रत्येक मानेत उमटतात. मानेच्या आत नायलॉनचा ब्रश एकदा फिरवला की पुरे. आतला सगळा काळा थर अल्ट्रासॉनिकमध्ये घालवून मान चकचकीत केली तर मँड्रेल उलट चिकटतो. तो पातळ थर थोडा कोरड्या वंगणासारखाच असतो.

प्रायमर याच डायने काढता येतो, पण लष्करी ७.६२ बाय ५१ च्या पुंगळ्यांवर नको. त्यांच्या प्रायमरभोवती पितळ दाबून पक्कं केलेलं असतं. पिनवर आलेला जोर मँड्रेलवाटे थेट टोपीत जातो. त्या पुंगळ्यांसाठी वेगळी डीकॅपिंग (फक्त प्रायमर काढणारी) डाय घ्या, आणि आधी आत डोकावून छिद्र एकच मधोमध आहे ना ते पाहा. दोन बाजूंना दोन छिद्रं दिसली तर ती बर्डन प्रायमरची पुंगळी, पिन तुटणारच.

रेडिंग टाइप एसशी तुलना

दुसरा पर्याय म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलँडच्या रेडिंगची टाइप एस बुशिंग नेक डाय. तिची बनावट लीपेक्षा उघडच वरच्या दर्जाची आहे. मान एका कडक बुशिंगमधून जाते आणि बुशिंग एकेका थाऊच्या फरकाने मिळतात. हँडलवर जोर किती हा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांचा हात सारखाच चालतो. ज्यांना ‘हाताचा अंदाज’ या शब्दांचीच चीड येते त्यांनी सरळ हीच घ्यावी.

बुशिंग निवडताना आपल्याच पुंगळीत भरलेल्या काडतुसाची मान मोजा. ०.३३६ भरली तर ०.३३४ चं बुशिंग. डाय बुशिंगशिवाय येते, ते वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि पुंगळीची कंपनी बदलली की बहुधा दुसरं. पैशांचा हिशेब करताना लोक हे विसरतात. बसवताना आकडा छापलेली बाजू खाली. वरचा स्टेम बुशिंगला टेकेपर्यंत आवळा आणि मग एक-सोळांश ते एक-अष्टमांश फेरा मागे घ्या. डाय कानाशी हलवली तर बुशिंगचा खुळखुळ आवाज यायला हवा. घट्ट आवळलेलं बुशिंग स्वतःला मानेच्या मध्यावर आणू शकत नाही आणि मान वाकडी करतं, मग महागडी डाय घेऊन उपयोग काय? मान पाच थाऊपेक्षा जास्त आवळायची असेल तर दोन बुशिंगनी दोन टप्प्यांत करा.

तिची मर्यादा लीच्या गुणाच्या बरोबर उलट आहे. बुशिंग बाहेरचा व्यास ठरवतं, त्यामुळे भिंतीच्या जाडीतला फरक सगळा आत जातो. नेक टर्निंग करून भिंत एकसारखी केलेली असेल तर हा मुद्दा संपतो आणि रेडिंग पुढे जाते. न करता, दुकानातल्या साध्या पुंगळ्यांवर, ली. खांद्यालगतचा साधारण एक-सोळांश इंचाचा भाग बुशिंग सोडून देतं; काहींना तो आवडतो, कारण उडालेल्या मापाचा तेवढा पट्टा चेंबरमध्ये मानेला मधोमध धरतो.

नेक-सायझिंगची हद्द

नेक-सायझिंगचा अर्थच असा की पुंगळीचं बाकी अंग आपल्या चेंबरच्या मापाचं ठेवायचं. म्हणून दुसऱ्या रायफलमधून उडालेली, रेंजवर उचललेली पुंगळी आधी एकदा फुल-लेंग्थमधून गेलीच पाहिजे. सेमी-ऑटोमध्ये बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर मिटतो, हाताने ढकलायची सोय नाही. पुंगळी पूर्ण आत गेली नाही तर रायफल अडते, किंवा त्याहून वाईट, पूर्ण लॉक न होता उडण्याचा धोका राहतो. पंप आणि लिव्हर ॲक्शनलाही कमी-अधिक हेच लागू आहे. शिकारीच्या काडतुसांनाही फुल-लेंग्थच.

बोल्ट-ॲक्शनमध्येही हे कायम चालत नाही. दारूचा भार जितका जोरदार तितकं लवकर, पण साधारण तीन ते पाच वेळा उडाल्यावर बोल्ट मिटवताना जड लागू लागतो. खांदा पुढे आला, अंग फुगलं. तेव्हा खांदा एक ते दोन थाऊ मागे ढकलायचा, त्याहून जास्त नाही. दर वेळी जास्त ढकललात तर पुंगळी बुडाच्या वर आतून पातळ होत जाते आणि एक दिवस तिथेच फाटते. व्हर्नियरवर खांदा मोजायचा कंपॅरेटर लावल्याशिवाय हे एक-दोन थाऊ जमत नाहीत.

याच कामासाठी रेडिंगची बॉडी डाय आहे. ती अंग आणि खांदा आवळते, मानेला स्पर्शही करत नाही. लीची कॉलेट डाय आणि रेडिंगची बॉडी डाय ही जोडी, आमच्या मते, .३०८ साठी कुठल्याही एका डायपेक्षा सरस. क्रम असा ठेवा: आधी वेगळ्या डीकॅपिंग डायने प्रायमर काढा, पुंगळ्या साफ करा. मग अंगाला मेण लावून बॉडी डाय. खांदा शेल होल्डरच्या स्पर्शाने नाही, कंपॅरेटरच्या आकड्याने ठरवा. प्रेसचा स्पर्श घट्ट हवा असेल तर रेडिंगचे दोन थाऊच्या टप्प्यांतले स्पर्धा शेल होल्डर वापरता येतात. मेण पूर्ण पुसून टाका, कारण कॉलेट कोरड्या मानेवर काम करतो. लांबी मोजा: .३०८ ची कमाल २.०१५ इंच, छाटायची ती २.००५ वर, आणि चॅम्फर. कॉलेट शेवटी, म्हणजे आधीच्या कामात मान कुठे हलली असेल तर ती मँड्रेलवर सरळ होऊन बाहेर येते. त्यानंतर प्रायमर. आणि डाय ठेवून देताना कॉलेट सैल हलतोय ना ते बोटाने एकदा पाहा. ग्रीस सुकून तो अडकलेला असला तर पुढच्या वेळी पहिलीच पुंगळी चेपते.